मदत हवी आहे: येऊरच्या चढाला बाबांची टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

डबेवाली_ताई

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. दिवाळीपासून येऊरच्या डोंगरावर, वरच्या बंगल्यांत, जेवणाचे डबे देते. रोज दोन खेपा. रिक्षावाले एक तर वर यायला नाही म्हणतात, नाही तर परतीचं भाडंही मागतात. चार पैसे सुटायचे ते रिक्षातच जातात.

घरी गाडी आहे. बाबांची कायनेटिक होंडा, १९९६ची, एमएच ०४, ९८ सीसी, टू-स्ट्रोक. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांनी चालवणं सोडलं, तेव्हापासून ती जिन्याखाली ताडपत्रीत. मागच्या आठवड्यात प्लग बदलला. सेल्फ मेलेला, पण किकने तिसऱ्या झटक्याला चालू झाली. धूर असा निघाला की पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. बाबा मात्र खूश. "चढाला टू-स्ट्रोकच पाहिजे," हे ते गेली वीस वर्षं सांगतायत.

म्हणून रविवारी रिकामीच वर नेली. उपवन तलाव, चेकनाका, तिथवर मस्त. पुढे वळणाच्या चढाला इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. बाजूने एक सायकलवाला पुढे गेला! पण खरी टरकले ती उतरताना. रेस सोडली तरी गाडी पळतच होती, आणि खाली येईपर्यंत ब्रेकचा लिव्हर मुठीला टेकायला लागला.

डबे धरून २५ किलो, मी ६०. उंची पाच फूट. नवरा म्हणतो सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा घे, मैत्रीण म्हणते स्कूटी पेप प्लस हलकी आहे. बाबांना नाही म्हणायचं तर कारण तरी पक्कं हवं. काय करू?

जुना_कार्बोरेटर

ताई, आधी बाबांची बाजू. त्यांचं चुकीचं नाही. टू-स्ट्रोकला क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एक. म्हणून त्या काळात सारख्या सीसीच्या फोर-स्ट्रोकपेक्षा ती चढाला चपळ वाटायची. पण आजची ११० सीसीची फोर-स्ट्रोक घेतलीत तर कागदावर दोघींची ताकद आठ बीएचपीच्या आसपासच. तो फरक संपला.

आता तुमची गाडी. इंजिन ओरडतंय आणि वेग येत नाही, म्हणजे इंजिन ठीक आहे, ताकद चाकापर्यंत पोचत नाही. बेल्ट सैल झालाय किंवा क्लच शू झिजलेत. सायलेन्सर काजळीने तुंबला असता तर आवाजच चढला नसता, गाडी गुदमरल्यासारखी झाली असती. अर्थात इतकी वर्षं उभी होती, तर काजळीही असेलच.

दुसरं, या गाडीत टू-टी ऑइलची (टू-स्ट्रोक इंजिनाला लागणाऱ्या तेलाची) टाकी वेगळी असते, पंप ते इंजिनला पोचवतो. इतक्या वर्षांनी त्या नळीत हवा धरली असेल तर ऑइल पोचणार नाही आणि भर चढावर पिस्टन जाम होईल. पंप तपासल्याशिवाय पुन्हा वर नेऊ नका. रागावून सांगतोय असं समजा.

घाटातला_पोस्टमन

सगळे चढाचंच बोलतायत. अहो, येऊरला चढताना गाडी थांबली तर फार तर लोक हसतील. उतारावर काय?

टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक जवळजवळ नसतोच. रेस सोडली की ती मोकळी धावते, सगळा भार ड्रम ब्रेकवर. ब्रेक तापले की धरेनासे होतात. लिव्हर मुठीला टेकला तो त्यामुळे, शिवाय ब्रेकचे लायनर जुने. फोर-स्ट्रोक थोडी रोखून धरते, पण बिनगिअरची कुठलीही गाडी फार हळू केलीत की क्लच सुटतो आणि तीही मोकळी होते. म्हणून उतारावर वेग आधीच कमी ठेवायचा, ब्रेक धरून बसायचं नाही, दाबायचा-सोडायचा. आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे जे महाभाग असतात, त्यांच्या मागे तर राहूच नका.

पेप प्लस ८८ सीसीची. भाजी आणायला झकास, पण ८५ किलो घेऊन रोज दोनदा येऊर म्हणजे मूठ कायम पिळलेली. मी नाही घेणार.

जुना_कार्बोरेटर

पोस्टमनसाहेबांशी सहमत. भर घालतो. घ्यायचीच तर एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमातली) घ्या. कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे, पावसाळी सकाळी चोक ओढत बसायला नको. एक लिव्हर दाबला की दोन्ही ब्रेक लागायची सोयही त्यात असते. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना २०१९पासून ती सक्तीचीच आहे.

कायनेटिक रोजच्या धंद्याला नको, याचं अजून एक कारण. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, वर पर्यावरण कर, वर पीयूसी. आणि आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या, सील फुगतात.

डबेवाली_ताई

सगळ्यांचे आभार. परवा नणंदेची अ‍ॅक्टिव्हा मागून घेतली, २०२१ची. डबे भरून, पायाशी आमटीचं पिंप. वेग गेला नाही, पण गाडी न कुरकुरता चढली. उतरताना पिंपाचं झाकण एकदाच वाजलं. पाय मात्र जेमतेम टेकतात, चढावर थांबले की पंजावर उभी असते.

बाबांना उताराचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हो, खाली येताना मीपण हळूच यायचो." विषय मिटला. बेल्ट आणि पंपाचा खर्च करून ती सोसायटीतल्या चकरांपुरती ठेवतोय.

एक गाडी पाहिलीये, मालक पोखरण रोडला दाखवतो म्हणतो. काय काय बघू?

घाटातला_पोस्टमन

पोखरण रोडला नका बघू, सपाटीवर सगळ्याच पळतात. त्याला उपवनला बोलवा. इंजिन थंड असताना हात लावून बघा, आधीच गरम करून आणली असेल तर विचारा का. मग मागे त्यालाच बसवा आणि वर चला. खाली आल्यावर डाव्या बाजूला वाकून वास घ्या, जळक्या रबराचा आला तर बेल्टचे पैसे किमतीतून कापा. आणि सीटची उंची. गादीवाला फोम तासून देतो, ते आधी करून घ्या, मग डबे.