गोव्यात चांगली बिअर निवांत कुठे प्यायची? बाबा सोबत आहेत

कृष्णाकाठ:
नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि बाबा गाडी घेऊन गोव्याला चाललोय, आंबोलीमार्गे. बाबा नुकतेच रिटायर झाले आणि पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाले की समुद्राकडे जाऊन तुझ्याबरोबर एक बिअर घ्यायची आहे, त्यामुळे ही जागा मला चुकवायची नाहीये. मी पुण्यात असतो, देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (जागेवरच ताजी बिअर बनवून देणारी ठिकाणं) एक, डुलाली, २००९ ला इथेच सुरू झाली, ताज्या बिअरची सवय लागलीय. मला व्हीट (गव्हाची बिअर) आणि आयपीए (सुगंधी, कडवट बिअर) आवडते, बाबांना साधी हलकी. मागच्या वेळी कळंगुटला एका शॅकवर बसलो तर बाटली गारेगार पण बिअरला कसलातरी उग्र रबरासारखा वास, वर डीजे एवढा की समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. तसं नको. पणजी, म्हापसा, साऊथ, कुठेही चालेल.

म्हापशाचो पात्रांव:
अरे तो वास उन्हाचा. बिअरमधल्या हॉप्सवर (कडूपणा आणि सुगंधासाठी घालतात ती फुलं) ऊन पडलं की तसा वास सुटतो, हिरव्या आणि पारदर्शक बाटलीत पटकन, तपकिरी बाटलीत उशिरा, कॅनमध्ये नाहीच. काही शॅकवर क्रेट दुपारभर बाहेर उन्हात पडलेले मी स्वतः बघितलेत, मग रात्री कितीही बर्फात घाला, वास जात नाही.

बाबांसाठी किंग्ज माग, मिळाली तर. आमची गोव्याचीच पिल्सनर, म्हणजे हलकी सोनेरी बिअर, बुटकी छोटी बाटली, गरम व्हायच्या आत संपते, सोबत रवा फ्राय केलेले मासे. तुझ्यासाठी एट फिंगर एडी, गोवा ब्रुइंग कंपनीची आयपीए, साठच्या दशकात गोव्यात आलेल्या आणि हणजुणात राहिलेल्या एका हिप्पीचं नाव दिलंय तिला. फक्त तारीख बघून घे, आयपीएचा सुगंध काही महिन्यांत उतरतो आणि मागे नुसता कडूपणा राहतो.

मांडवीपार:
पात्रांव बरोबर बोलतोय पण बाबा सोबत आहेत तर मी कळंगुट-बागा पट्टा सोडूनच देईन. पणजीत राहा. संध्याकाळी मिरामारला सूर्यास्त बघा, मग फोंताईन्हासमध्ये, म्हणजे पणजीच्या जुन्या पोर्तुगीज वस्तीत, जोसेफ बारला जा, एवढीशी जागा, लोक ग्लास घेऊन गल्लीत उभे असतात म्हणून लवकर गेलात तरच बाबांना बसायला मिळेल. फेणीसाठी जास्त प्रसिद्ध आहे पण तिथलं वातावरण बाबांना आवडेल असं मला मनापासून वाटतं, माझ्या वडिलांना आवडलं होतं.

आणि टॅपची बिअर घेणार असशील तर आधी विचार केग (बिअरचं पिंप) कधी उघडलाय, चांगल्या ठिकाणी पोरं न चिडता सांगतात. मग ग्लास बघ. आतून काचेला बुडबुडे चिकटून बसलेत म्हणजे ग्लासला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिलाय, त्यात फेस टिकत नाही. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटाबरोबर फेसाचं एकेक कडं काचेवर राहतं, वरपासून खालपर्यंत. आणि फ्रीझरमधला पांढरा झालेला ग्लास घेऊ नको, व्हीटला केळं-लवंगेचा जो वास असतो तो एवढ्या थंडीत कळतच नाही, त्याच्यासाठीच तर आपण पैसे देतो.

बांद्याहून:
गाडी घेऊन येताय म्हणून लिहितोय. पिऊन स्टिअरिंगला हात लावू नका, गाडी हॉटेलवर ठेवा. तुम्ही एकटे असाल तर पिवळ्या मडगार्डची पायलटची बाईक (गोव्यातली बाईक टॅक्सी) मिळते, पण बाबांना मागे बसवू नका, टॅक्सी करा. बाटल्या घेऊन बीचवर बसू नका, बंदी आहे, दंड होतो. आणि परत येताना दोस्तांसाठी दोन-चार बाटल्या डिकीत टाकायचा मोह होतो, टाकू नका, बांद्याजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर एक्साईजवाले गाडी उघडून बघतात.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. कळंगुटचं बुकिंग आत्ताच कॅन्सल केलं, पणजीत दोन रात्री घेतल्या. बाबांना ग्लासातल्या कड्यांचं सांगितलं तर म्हणाले तू एक ग्लास घे, मी एक घेतो, कोणाची कडी जास्त येतात ते मोजू. @मांडवीपार, सूर्यास्त बघून फोंताईन्हासला पोचलो तर उशीर होईल का, का आधी तिकडे जाऊन जागा धरू?

मांडवीपार:
आधी जागा. सूर्यास्त दुसऱ्या दिवशी बघा, दोन रात्री आहेत ना.