पूर येतोय, बैठी शाळा: मुख्याध्यापकांनी आधी काय हलवायचं?

कृष्णाकाठ_पलूस: जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळेचा चार्ज नुकताच घेतलाय. दोन शिक्षिका, तीन बैठ्या खोल्या. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाण्याची 40 फूट इशारा पातळी, 45 धोका पातळी. पण 40 ची बातमी येईपर्यंत आमचा ओढा फुगून रस्ता बंद होतो. काय, कधी करायचं?

जुना_हेडमास्तर: मॅडम, 40 ची वाट बघूच नका. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याचं कळलं की त्याच दिवशी जनरल रजिस्टरं, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवह्या, हलवा. बाकी सगळं परत मिळतं, ती मिळत नाहीत. ओबीसी दाखल्याला 1967 पूर्वीचा पुरावा लागतो आणि पुष्कळ घरांकडे आजोबांची शाळेतली नोंद हाच एक पुरावा असतो. लोखंडी कपाटाच्या भरवशावर राहू नका. पाणी आत शिरतं, रजिस्टरं फुगून कप्प्यात घट्ट बसतात आणि ओढताना शिवण उसवते. दुहेरी प्लास्टिक पिशवीत बांधून गावातल्या उंच घरी ठेवा. 2019 ला आयर्विनवर पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा जागा त्या पुराची खूण बघून ठरवा. कुठलं रजिस्टर कुणाकडे याची यादी करून शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही घ्या. पानांचे फोटो मात्र उन्हाळ्यातच काढून ठेवायचे.

मिरज_सर: पालकांच्या ग्रुपवर सूचना एकाच नंबरवरून जाऊ दे, खाली तारीख-वेळ टाकून. दोन शिक्षिकांनी दोन वेगवेगळ्या वेळा सांगितल्या की निम्मी पोरं शाळेच्या दारात येऊन उभी राहतात. तुमची शाळा उंचावर नाही, म्हणून निवाऱ्यासाठी देऊ नका. ग्रामपंचायतीला आधीच लेखी कळवा.

वाळवा_गुरुजी: पाणी ओसरल्यावरचं सांगतो. मेन स्विच बंदच ठेवा, वायरमनने तपासल्याशिवाय चालू करायचा नाही. चिखल ओला असतानाच खराट्याने ओढा. वाळला की फरशीला धरून बसतो. पोषण आहाराचा भिजलेला तांदूळ सुकवून शिजवायचा नाही. तो टाकण्याआधी फोटो आणि पंचनामा करून घ्या, नाहीतर स्टॉक रजिस्टरचा हिशोब जुळत नाही. टाकी घासून धुवा, मग भरलेल्या 1000 लिटरला साधारण 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर). पावडर बादलीत कालवून वरची निवळी तेवढी टाकीत ओता आणि अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी. पिवळा रंग आला नाही तर पावडर जुनी आहे, दुसरी आणा.

कृष्णाकाठ_पलूस: सर, एखादं रजिस्टर भिजलंच तर उन्हात वाळवू का?

वाळवा_गुरुजी: नको. उन्हात पानं आखडतात, शाई उडते. वीज चालू असलेल्या घरी सावलीत पंख्याखाली उभं ठेवा, थोड्या-थोड्या पानांमागे कोरा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. चिकटलेली पानं नखाने सोडवू नका. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून हे काम खोल्या धुण्याच्याही आधी.