कोणासारखं व्हायचं की काय करायचं?

'मुलीला डॉ. बानू कोयाजींसारखं व्हायचंय, पण मेडिकलचे मार्क नाहीत,' असं तुम्ही लिहिलंय. माझंही तेच झालं होतं. माझी मावशी नर्स, तिच्या तोंडी सतत या डॉक्टर कोयाजीबाई. पुण्यात रास्ता पेठेतलं केईएम हॉस्पिटल सांभाळून त्यांनी वढू बुद्रुकसारख्या गावात काम उभं केलं, १९९३ साली मॅगसेसे मिळालं, वगैरे. मला मात्र एकच गोष्ट चिकटली: गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी आरोग्यसेविका केलं. म्हणजे मदत करायला डॉक्टरच व्हावं लागतं असं नाही!

बी.कॉम. झाल्यावर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं एम.ए.सारखं शिक्षण, केलं. (बाबा आठवडाभर बोलले नाहीत.) फील्डवर्कच्या पहिल्याच दिवशी बाळाला झोळीत घालून ताणकाट्याला लावलं, तर आजी ओरडली, "पोराचं वजन करताय? दृष्ट लागंल की!" सोबतच्या ताई शांतपणे म्हणाल्या, "आजी, आधी तीट लावा, मग करू." पुस्तकात हे नव्हतं.

मुलीला विचारा, बाईंचं नक्की काय आवडतं? ऑपरेशन, की गावात जाणं? दुसरं असेल तर नर्सिंग, एमएसडब्ल्यू, आहारशास्त्र, बरंच काही आहे. पगार बेताचाच, हेही आधीच सांगा.