चिप असोसिएशनच्या बोर्डावर फक्त इंजिनिअरच हवेत का?

यील्डवाला (हिल्सबरो, ओरेगन):
आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परवा एक लांबलचक पोस्ट फिरत आली, अमेरिकेच्या सेमिकंडक्टर इंडस्ट्री असोसिएशनबद्दल, म्हणजे एसआयए. पोस्टचं म्हणणं असं की १९७७ साली ही संघटना इंजिनिअर लोकांनी काढली, आता बोर्डावर आणि वरच्या खुर्च्यांवर एमबीए आणि वॉशिंग्टनची धोरणवाली मंडळी बसलीत, आणि म्हणूनच जगाच्या चिप उत्पादनातला अमेरिकेचा वाटा १९९० च्या ३७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर घसरला. खाली सगळ्यांचे अंगठे. मला राहवलं नाही, पण तिथे लिहिलं की लगेच 'ग्रुपवर वाद नको' म्हणत ॲडमिन येतो, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांनी संघटना काढली ते पाच जण आधी बघा तरी. इंटेलचा रॉबर्ट नॉईस, एमआयटीचा फिजिक्समधला पीएचडी, त्याच्याबद्दल वादच नाही. नॅशनल सेमिकंडक्टरचा चार्ली स्पोर्क मेकॅनिकलवाला, नाव कमावलं ते कारखाना काटकसरीने चालवण्यात. फेअरचाइल्डचा विल्फ कॉरिगन केमिकल इंजिनिअर. मोटोरोलाचा जॉन वेल्टी. आणि एएमडीचा जेरी सँडर्स, डिग्री इलेक्ट्रिकलची पण हाडाचा सेल्समन. हे लोक एकत्र आले ते ट्रान्झिस्टरवर बोलायला नाही आले. जपानी कंपन्या मेमरीच्या धंद्यात घुसत होत्या आणि वॉशिंग्टनमध्ये यांना कुणी विचारत नव्हतं म्हणून आले. १९८५ ला जपानविरुद्ध अमेरिकन व्यापार कायद्याच्या सेक्शन ३०१ खाली अर्ज केला, १९८६ ला करार झाला, तो पाळला जात नाही म्हणून १९८७ ला रेगनने ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर १०० टक्के ड्युटी बसवली. यातलं एकही काम चिप बनतात त्या क्लीनरूममध्ये झालेलं नाही.

आणि बोर्डावर सदस्य कंपन्यांचे सीईओ नाहीतर त्यांच्या बरोबरीची माणसं असतात, पगारी प्रमुख वेगळा. तो गेली दहाएक वर्षं जॉन नॉयफर, आधी अमेरिकन व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयात जपानचं काम बघायचा. त्या खुर्चीचं काम तेच आहे, त्याला लिथोग्राफी, म्हणजे चिपवर नक्षी छापणं, कशाला यायला हवी?

माझ्या मते डिग्र्या मोजणं सोडा आणि एकच बघा, माणूस ज्या कंपनीतून आलाय तिचा स्वतःचा फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, आहे का. एएमडीची लिसा सू एमआयटीची पीएचडी, एनव्हिडियाचा जेन्सन हुआंग इलेक्ट्रिकल इंजिनिअर, दोघंही अस्सल, पण दोघांच्याही कंपनीकडे फॅब नाही, बहुतेक माल तैवानमधून बनून येतो. २०२२ च्या चिप्स कायद्यात ५२.७ अब्ज डॉलर होते, त्यातले ३९ अब्ज कारखान्यांसाठी. वर २५ टक्के टॅक्स क्रेडिट, तेही कारखान्याला आणि मशिनरी बनवणाऱ्यांना, डिझाइनला शून्य. तेव्हा बिनफॅबवाल्यांनी कुरकुर केलीच की. खरी फूट तिथे पडते आणि पोस्टमध्ये त्यावर एक ओळ नाही.

जुना_फॅबकरी (चँडलर, ॲरिझोना):
तुमचं लिहिणं गुळगुळीत आहे पण पोस्ट बरोबर आहे. इंटेलचंच घ्या. पॉल ओटेलिनी, अर्थशास्त्र आणि एमबीए, २००५ ला सीईओ झाला. आयफोनची चिप करायची संधी दारात आली होती, आकडेमोडीत बसेना म्हणून सोडली, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. मग बॉब स्वान, आयुष्यभर फायनान्स. २०२० च्या जुलैत चिप बनवायची ७ नॅनोमीटरची नवी प्रक्रिया लांबणीवर पडल्याचं त्याच्याच काळात जाहीर झालं.

मी ज्या फॅबमध्ये होतो (नाव घेत नाही) तिथे एचिंग चेंबरची, म्हणजे प्लाझ्माने चिपचे थर कोरायच्या यंत्राची, एज रिंग ठरावीक तास झाले की बदलायचो. वर फायनान्समधून आलेला व्हीपी बसला आणि फर्मान निघालं की पार्टचा खर्च कमी करा, मेंटेनन्समधलं अंतर वाढवा. आम्ही सांगितलं की रिंग झिजली की वेफरच्या, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीच्या, कडेला प्लाझ्मा वाकडा पडतो, कडेचे डाय, म्हणजे तिथल्या चिप, मरतात. त्याने विचारलं की किती टक्के मरतील ते आत्ताच सांगा. ते आत्ता कसं सांगणार? महिन्याभराने वेफर मॅप आला, मधला भाग हिरवागार आणि कडेने लालभडक कडं. रिंगवर वाचवलेले पैसे एका आठवड्याच्या स्क्रॅपमध्ये गेले. तो व्हीपी मात्र बढती घेऊन दुसरीकडे गेला. हे डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला 'डिग्र्या मोजू नका' म्हणून सांगू नका.

कस्टमवाली (सॅन होजे):
काका, इंटेलचा इतिहास सांगताय तर पूर्ण सांगा ना. १० नॅनोमीटरचा घोळ कुणाच्या काळात झाला? ब्रायन क्रझॅनिच. केमिस्ट्रीची डिग्री, १९८२ ला प्रोसेस इंजिनिअर म्हणून लागला, फॅबमधूनच वर चढला. त्याच्या कारकिर्दीत १० नॅनोमीटर जे रखडलं ते खऱ्या अर्थाने बाजारात यायला २०१९ उजाडलं. एमबीए नव्हता तो! आणि स्वानला जे मिळालं ते यानेच मागे ठेवलेलं.

मी ट्रेड कम्प्लायन्समध्ये, म्हणजे आयात-निर्यातीच्या नियमांच्या कामात आहे. आमच्याकडचे इंजिनिअर मला 'पेपरवाली' म्हणतात. एकदा डिफ्युजन फर्नेसचे क्वार्ट्झचे पार्ट कस्टममध्ये अडकले, कारण पाठवणाऱ्याने ते टॅरिफच्या ८४८६ क्रमांकाखाली, चिप बनवायच्या यंत्रांचे भाग म्हणून टाकले होते, जायला हवे होते काचेच्या वस्तू म्हणून. फर्नेस बंद, लॉट रांगेत उभे आणि तीन पीएचडी एकमेकांना ईमेल करतायत की क्वार्ट्झ म्हणजे रासायनिकदृष्ट्या काय. ड्रॉइंग, वापराचं पत्र आणि जुना निर्णय जोडून सोडवला तो आमच्या डिपार्टमेंटने. असोसिएशनचं निम्मं काम असलंच आहे, टॅरिफ, निर्यातबंदी, व्हिसा. चीनला माल विकण्यावर आणखी निर्बंध घालू नका म्हणून २०२३ च्या जुलैत एसआयएने जाहीर निवेदन काढलं, ते काय एचिंगचा इंजिनिअर लिहिणार?

जुना_फॅबकरी:
क्रझॅनिचचं खरं आहे, ते मला नाकारता येत नाही. पण एक फॅबवाला चुकला म्हणून फायनान्सवाले बरोबर ठरत नाहीत. आणि निर्यातीच्या निवेदनात मला धंदा दिसतो, देश दिसत नाही.

व्हेरिफिकेशनवाला (बाणेर):
मी बाहेरचा, म्हणजे डिझाइन सर्व्हिसेसवाला, टेपआउटच्या, म्हणजे डिझाइन फॅबला पाठवायच्या, आदल्या आठवड्यात ज्यांना झोप नसते त्यातला. पण पार्श्वभूमीने फरक पडत नाही असं कुणी म्हणत असेल तर आपल्या घरचंच उदाहरण बघा, वेदांत-फॉक्सकॉन. एक खाणी आणि धातूवाली, दुसरी फोन जोडणारी. १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प आणि दोघांपैकी एकानेही कधी लॉजिक फॅब चालवलेला नव्हता. तंत्रज्ञान एसटीमायक्रो या युरोपातल्या चिप कंपनीकडून घेऊ म्हणाले, ते जमलं नाही. १० जुलै २०२३ ला फॉक्सकॉन बाहेर, खेळ संपला.

तळेगावकर:
थांबा जरा! घरचं उदाहरण म्हणताय आणि ते आमच्या दारातून गेलं हे गाळताय? तळेगावला जागा बघितली होती, सगळं ठरत आलं होतं, आणि १३ सप्टेंबर २०२२ ला करार झाला गुजरातशी. आमच्या भागातल्या पोरांनी डिप्लोमाला ॲडमिशन घेतल्या होत्या या एका नावावर. माझा पुतण्या त्यातलाच, मेकॅनिकल सोडून इलेक्ट्रॉनिक्सला गेला. तुम्ही लोक ओरेगन-ॲरिझोनात बसून बोर्डावर कुणाची डिग्री काय यावर भांडा.

व्हेरिफिकेशनवाला:
दादा, राग समजतो, पण जो फॅब गुजरातेत धोलेऱ्यालाही उभा राहिला नाही तो तळेगावला राहिला असता का? तंत्रज्ञानच नव्हतं, मग जागा कुठलीही असो. आपलं काय गेलं तर मथळा गेला.

तळेगावकर:
'मथळा गेला' हे बाणेरच्या एसीत बसून म्हणायला सोपं आहे. प्रकल्प आला असता तर त्याच्यामागे पाण्याची लाइन, वीज, सब-स्टेशन, रस्ते आले असते. पहिला बुडाला तरी दुसऱ्याला जागा तयार मिळाली असती. गुजरातचं तेच झालं ना? वेदांत गेलं पण धोलेऱ्यात टाटा आले, ९१ हजार कोटी. साणंदला अमेरिकेचं मेमरी चिपवालं मायक्रॉन आलं. हे आपल्याकडे का नाही, याचं उत्तर द्या.

व्हेरिफिकेशनवाला:
मायक्रॉनचं उत्तर सोपं आहे. २.७५ अब्ज डॉलरचा प्रकल्प, निम्मे पैसे केंद्राचे, २० टक्के गुजरातचे, कंपनीचे जास्तीत जास्त ८२.५ कोटी डॉलर. असा सौदा आपल्या राज्याने द्यायचा की नाही यावर बोला ना, नुसतं पळवलं पळवलं काय.

तळेगावकर:
द्यायला हवा होता! बोललो. आणि आवाज खाली ठेवा, मी तुमच्या बेंचवरचा फ्रेशर नाही.

निवृत्त_मास्तर (सोलापूर):
दोघंही जरा शांत घ्या. मी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, त्या अधिकाराने एवढंच सांगतो की तळेगावला उद्या फॅब आला तरी आमची पोरं त्याला पुरी पडणार नाहीत. व्हीएलएसआय (चिपचं तंत्र) म्हणजे व्हेरिलॉग या डिझाइनच्या भाषेचा कोर्स अशी समजूत झालीय. व्हॅक्यूम पंप उघडून बघितलेला पोरगा मला शेवटच्या काही बॅचमध्ये भेटला नाही. पुतण्याला सांगा, व्हॅक्यूम, गॅस लाइन, पीएलसी (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) शीक, साणंदला पॅकेजिंगमध्ये लागतात ती हीच माणसं.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडची इंडिया सेमिकंडक्टर असोसिएशन २००५ ला बेंगळुरूत निघाली, पुढे नाव आयईएसए झालं. तिथे वर्षानुवर्षं वजन होतं डिझाइनवाल्यांचं, परदेशी कंपन्यांच्या भारतातल्या सेंटरच्या प्रमुखांचं, कारण देशात सांगण्यासारखा फॅब होता तो मोहालीचा सरकारी, आणि तो १९८९ च्या आगीत होरपळला. एम. एन. विद्याशंकर हे निवृत्त आयएएस अधिकारी तिचे अध्यक्ष होते. मला ते तेव्हाही खटकलं नव्हतं, सरकारी फाइल कुठे अडते हे त्यांना कळणार, आपल्याला नाही. पण डिझाइन सेंटरच्या प्रमुखाला फॅबच्या पाण्याची काळजी वाटेल ही अपेक्षाच चूक. तेव्हा धागाकर्त्याचा फॅब असण्या-नसण्याचा मुद्दा मला पटतो, फक्त तो अमेरिकेपेक्षा आपल्याला जास्त लागू आहे.

कस्टमवाली:
मास्तर, हे पटलं. आणि व्हेरिफिकेशनवाले, टाटांकडे तरी फॅबचा अनुभव कुठे होता? त्यांनी तैवानच्या पॉवरचिपला तंत्रज्ञानासाठी घेतलं आणि टाटा इलेक्ट्रॉनिक्सच्या डोक्यावर रणधीर ठाकूर बसवले, आधी अप्लाइड मटेरियल्स, मग इंटेलचा फाउंड्री धंदा. पैसा कुणाचाही असो, चालवणारा धंद्यातला हवा. असोसिएशनला मात्र हे लागू होत नाही, असोसिएशन काही वेफर बनवत नाही.

जुना_फॅबकरी:
वेफर बनवत नाही पण वेफर बनवणाऱ्यांसाठी पैसे मागते ना? मग कुठे किती लागतात हे कळणारा माणूस खोलीत नको? नॉईसचं बघा. १९८७ ला सरकार आणि १४ कंपन्यांनी मिळून सेमाटेक ही चिप उत्पादनाच्या संशोधनाची संस्था काढली, सरकारचे वर्षाला १० कोटी डॉलर. प्रमुख मिळेना तेव्हा हा माणूस साठीत, करोडपती, सगळं मिळवून बसलेला, स्वतः ऑस्टिनला गेला आणि १९९० ला जाईपर्यंत तेच काम करत होता. सिनेटसमोर तो बोलायचा तेव्हा समोरच्याला माहीत असायचं की या माणसाने इंटिग्रेटेड सर्किट बनवलंय. ते वजन नॉयफरकडे कुठून येणार?

यील्डवाला:
हे वजनाचं मान्य, आणि म्हणूनच पुढे बोर्डावर सीईओ असतात, नॉयफर त्यांच्यासाठी दारं उघडतो. संजय मेहरोत्रा एसआयएचे अध्यक्ष होऊन गेलेत. कानपूरचा माणूस, बिट्स पिलानी, मग बर्कली, सॅनडिस्कच्या संस्थापकांपैकी एक, आता मायक्रॉन. अस्सल इंजिनिअर, शिवाय फॅबवाले. मग पोस्ट कुठल्या एमबीए-राज्याबद्दल बोलतेय?

३७ वरून १२ बद्दलही सांगतो, कारण सगळे तोच आकडा फेकतात. तो वाटा गेला कारण तैवान, कोरिया आणि पुढे चीनने कारखान्याला पैसे दिले, आणि १९८७ ला मॉरिस चँगने टीएसएमसी काढून दाखवलं की फॅब भाड्याने मिळू शकतो. चँग २५ वर्षं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये होता, म्हणजे अमेरिकेनेच तयार केलेला इंजिनिअर. त्यानंतर अमेरिकेतल्या हुशार पोरांनी फॅब न बांधता कंपन्या काढल्या, नफा तिथे होता. हा निर्णय इंजिनिअर लोकांनीच घेतलाय, काका, एमबीएने नाही.

जुना_फॅबकरी:
घेतला असेल, पण कारखाना चालवणारे सगळे त्यात भरडले गेले, आणि त्यांच्या बाजूने बोलायला तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. २०२२ ला ३९ अब्ज आले ते तीस वर्षं उशिरा. एवढं तरी माना.

यील्डवाला:
उशिरा आले हे मानतो. २५ टक्क्यांचं क्रेडिट २०२५ ला ३५ झालं, डिझाइनला तरीही काही नाही. म्हणजे आता खोलीत तुमचीच माणसं बोलतायत.

तळेगावकर:
मास्तर, ते व्हॅक्यूमचं शिक्षण कुठे मिळतं ते लिहा. पुतण्याचं दुसरं वर्ष चालू आहे.