कोकण किनाऱ्यावरच्या चक्रीवादळांची यादी: काय धरायचं, काय गाळायचं?

नारळीपोफळी:
रायगड-रत्नागिरी किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळांचा तक्ता करतेय, गावच्या वाचनालयात लावायला. 1882 च्या जूनमध्ये मुंबईत वादळाने लाख माणसं गेली असं एकीकडे मिळतं, दुसरीकडे त्याचा मागमूस नाही. 'रामदास' बोट बुडाली तेही घ्यायचं का? आणि 2020 चं 'निसर्ग' वादळ अलिबागला धडकलं म्हणतात, मग बागा श्रीवर्धन-दिवेआगरच्या कशा आडव्या झाल्या?

बॅरोमीटर:
1882 खोडा. 1881 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. त्यात लाख मेले म्हणजे दर आठांत एक. असं झालं असतं तर त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांत दुसरा विषयच नसता. तसलं काही सापडत नाही. कुणीतरी छापलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं.

रामदासही नको. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. पण तो ऐन पावसाळ्यातला खवळलेला दर्या, चक्रीवादळ नव्हे. जुलै-ऑगस्टात अरबी समुद्रावर खालचे वारे नैऋत्येचे आणि वरचे पूर्वेचे, दोन्ही जोरात. ढगांचा मनोरा उभा राहायच्या आत कापला जातो. म्हणून खरी वादळं मे-जून आणि ऑक्टोबर-डिसेंबर या दोन गठ्ठ्यांत येतात. यादीत जुलै दिसला की आधी शंका घ्या.

बिनधास्त लिहा: 22 नोव्हेंबर 1948 (मुंबई), 11 नोव्हेंबर 2009 फयान (अलिबाग-मुंबई दरम्यान), 3 जून 2020 निसर्ग (अलिबागच्या दक्षिणेला). तौक्तेला वेगळा रकाना द्या, 'घासून गेलं' असा. ते 17 मे 2021 च्या रात्री गुजरातेत दीव-ऊनाजवळ टेकलं, आपल्याकडे नाही. तरी सांताक्रूझला 24 तासांत 230 मिमी पाऊस झाला. फक्त 'टेकलेली' मोजली तर असलं वादळ गळतं.

बाकीची नावं हवामान खात्याच्या ई-अ‍ॅटलासमधून काढा, त्यात 1891 पासूनचे मार्ग आहेत. घोळ इथे होतो: त्यात कमी दाबाची क्षेत्रंही (डिप्रेशन) रेघ म्हणून उमटतात. ताशी 62 किमी, म्हणजे 34 नॉटच्या खालचं काही चक्रीवादळात धरू नका. नॉट गुणिले 1.852 केलं की किमी. आणि उपग्रहांच्या आधीचे मार्ग जहाजांच्या नोंदींवरून आखलेत, तेव्हा त्या काळातली रेघ नेमकी तुमच्या गावावरून गेली म्हणून हुरळून जाऊ नका.

आंतरराष्ट्रीय तक्ते वापरलेत तर दोन गोष्टी. वेळ ग्रिनिचची असते, साडेपाच तास मिळवा, नाहीतर पहाटेचं वादळ आदल्या दिवशी पडतं. दुसरं, आपलं खातं वाऱ्याची 3 मिनिटांची सरासरी देतं, अमेरिकी आकडे 1 मिनिटाचे. एकाच वादळाचा अमेरिकी आकडा मोठा दिसतो. एका रकान्यात दोन्ही कालवू नका.

नाखवा:
निसर्गचं उत्तर वाऱ्याच्या फिरण्यात आहे. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलटं फिरतं. ते ईशान्येकडे सरकत होतं, म्हणून मार्गाच्या उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला, वारा समुद्रावरून आत घुसला. त्याची फिरण्याची गती आणि पुढे सरकण्याची गती तिथे एकत्र होते. मुरूड, श्रीवर्धन, दापोली त्या बाजूला. मुंबई डावीकडे, म्हणून बरीच वाचली. पोफळीचं खोड सडपातळ, भार सगळा शेंड्याला, मुळं उथळ. ती आधी जाते.

जुन्या माणसांना विचारताना "किती जोराचं होतं?" हा प्रश्न वाया जातो. "वारा कुठून कुठे फिरला?" विचारा. आग्नेयेकडून दक्षिणेला, मग पश्चिमेला फिरला तर गाव मार्गाच्या उजवीकडे होतं. पूर्वेकडून उत्तरेला वळला तर डावीकडे.

तक्त्यात तिथीचाही रकाना घाला. मुंबईला उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी) भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते, भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) साडेतीनच्या आसपास राहते. 1948 आणि फयान, दोन्ही वद्य पक्षातल्या भांगाला आली. निसर्ग वटपौर्णिमेच्या दोनच दिवस आधी, उधाणाच्या तोंडावर. पाणी किती आत आलं याची तुलना तिथी बघितल्याशिवाय करू नये.

नारळीपोफळी:
1882 आणि रामदास काढले. बंदराच्या जुन्या नोंदींत "तीन नंबरचा बावटा" वारंवार आहे. ती प्रत्येक तारीख तपासायची?

नाखवा:
तीन नंबर म्हणजे बंदरात सोसाट्याचा वारा येण्याची शक्यता, बस. पावसाळ्यात तो कितीदा चढतो. एक आणि दोन नंबर लांबच्या समुद्रातल्या गडबडीसाठी. चार नंबरला वादळाचा धोका खुद्द बंदराला असतो, पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका. चार आणि त्यापुढच्या नंबरांच्या तारखा काढा आणि अ‍ॅटलासशी ताडून बघा. आणि अकरा नंबर दिसला तर तो सगळ्यात मोठं वादळ समजू नका. त्याचा अर्थ इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला.