तोरणमाळ राइड नंतर काढा, आधी पार्ट द्या

गिरणाकाठचा (जळगाव)

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या मोटारसायकल मालकांच्या ग्रुपवर, गाडीच्या कंपनीनेच काढलेल्या तोरणमाळ राइडचं निमंत्रण फिरतंय. कंपनीकडून टी-शर्ट, नाश्ता, ड्रोन शूटिंग. मी जाणार नाही, आणि का जाणार नाही ते इथे मांडतो. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण कमी खपाच्या आणि वारसा सांगून विकल्या जाणाऱ्या इतर गाड्यांच्या मालकांचीही हीच रड आहे.

जळगावात शोरूम उघडलं तेव्हा भिंतीवर जुने काळे-पांढरे फोटो होते, कॉफी होती, डिलिव्हरीच्या दिवशी मालकाचं नाव कोरलेलं किचेन मिळायचं. मागच्या वर्कशॉपात मात्र एकच फिटर. पुढे शोरूमला कुलूप लागलं. आता आपल्यासाठी नाशिक नाहीतर छत्रपती संभाजीनगर.

एप्रिलमध्ये पाळधीजवळ माझी गाडी बंद पडली. आदल्या आठवड्यापासून हेडलाइट बारीक-मोठा होत होता. ओळखीच्या मिस्त्रीने बॅटरीवर मीटर लावला. रेस दिल्यावर 14 च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत, इथे आकडा 12 च्याही खाली घसरत होता. रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा पार्ट, गेलेला. तळहाताएवढा पार्ट, दोन बोल्ट आणि एक कपलर, बदलायला अर्धा तास पुरे. पण कंपनी तो काउंटरवर विकत नाही. गाडी आणा, जॉबकार्ड उघडा, मग ऑर्डर टाकू. शेवटी छोट्या हत्ती टेम्पोत घालून धुळे-मालेगावमार्गे गाडी नाशिकला नेली. भाडं पार्टापेक्षा जास्त झालं. गाडी तिथे पडून होती तेव्हा त्याच कंपनीचे मेसेज येत होते की तुम्ही आमच्या परिवारातले आहात.

माझं म्हणणं एवढंच आहे. चेसिस नंबर सांगितला की झिजणारे आणि हमखास जाणारे पार्ट कुरिअरने घरी आले पाहिजेत. राइडवर खर्च करायच्या आधी तो पैसा नाशिकच्या गोडाऊनमधल्या मालावर लावा.

सातपुडा_रायडर (चोपडा)

तुमचा त्रास खरा आहे, पण निष्कर्ष पटत नाही. स्प्लेंडरचं सर्व्हिस सेंटर तालुक्याला परवडतं कारण गल्लीत दहा स्प्लेंडर उभ्या असतात. आपल्या ब्रँडच्या अख्ख्या जिल्ह्यात मोजक्या गाड्या. तेवढ्यावर डीलरने जागेचं भाडं, फिटरचा पगार आणि लाखोंचा अडकलेला माल कसा सांभाळायचा? जळगावचं शोरूम याच हिशोबात बुडालं.

राइड म्हणजे उधळपट्टी असं तुम्ही धरून चाललाय. छोट्या ब्रँडकडे टीव्हीवर जाहिरात करायला पैसा नसतो, मालक हीच त्याची जाहिरात. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनने 1983 मध्ये मालकांचा ओनर्स ग्रुप काढला तो कंपनी गाळात असतानाच, आणि त्या ग्रुपने गिऱ्हाईक धरून ठेवलं. राइडला आलेल्यांतूनच नवीन बुकिंग होतात. गाड्या वाढल्या तरच सर्व्हिस सेंटर परत येईल. तुम्ही सगळे घरी बसलात तर उरलंसुरलंही जाईल.

आणि मदत मिळते ती याच लोकांकडून. लासूरजवळ माझी क्लच वायर तुटली तेव्हा ग्रुपवर टाकलं. शिरपूरचा एक भाऊ, आधी कधी भेट नाही, स्वतःची स्पेअर वायर घेऊन आला.

मिस्त्री_अमळनेर

भाऊ, तुमनं म्हननं खरं शे. गाडी बंद पडनी का सगळा आमनाकडेच येतस.

गॅरेजवाल्याच्या बाजूने लिहितो. म्हैसूरची आयडियल जावा ही मोटारसायकल कंपनी 1996 मध्ये बंद पडली, तरी त्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. कंपनी नाही, डीलर नाही, मग कशा? टू-स्ट्रोक इंजिन, पॉइंट, कार्बोरेटर, सगळं डोळ्याला दिसणारं. आमच्या उस्तादांनी उघडून उघडून शिकून घेतलं. बुश लेथवर करून घ्यायचे, पिस्टन जुन्या बाजारातून उचलायचे. जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावावाले जमतात, ती परंपराही कंपनीविना मालकांनीच चालू केली.

नव्या गाडीत तसं जमत नाही. 2019 पासून 125 सीसीच्या वर एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, 2020 च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले, म्हणजे फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर. चेक इंजिनचा दिवा लागला की कोड वाचायला त्यांचा स्कॅनर लागतो. वायरिंग डायग्राम कोणी देत नाही. मोठ्या खपाच्या गाड्यांचं सामान आणि माहिती बाजारात फिरत फिरत आमच्यापर्यंत येते. तुमच्या गाडीचं काहीच येत नाही. मी हात लावत नाही ते भीतीने नाही. चुकीची वायर तपासताना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, उडाला तर भरून कोण देणार?

कंपनीला तालुक्याला माणूस ठेवणं परवडत नसेल तर आम्हाला दुरुस्तीचं मॅन्युअल द्या, दोन दिवसांचं ट्रेनिंग द्या. जेवणाची सोय आमची आम्ही करू.

भुसावळकर

सातपुडा दादा, हार्लेचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. 1983 ला ग्रुप आला, 1984 ला इव्होल्युशन इंजिन आलं. त्याआधीच्या इंजिनांची तेल गळतीसाठी बदनामी होती. इंजिन सुधारलं नसतं तर ग्रुपने काय केलं असतं, रस्त्याच्या कडेला बसून एकमेकांना धीर दिला असता.

आपल्याकडची एनफिल्डही तशीच. 2000 च्या सुमाराला महिन्याला दोनेक हजार गाड्या विकत होती, बंद करायची भाषा चालू होती. तेव्हाही बुलेटवाल्यांचं प्रेम कमी नव्हतं, त्याने खप वाढला नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेलं नवं युनिट इंजिन आलं, तेल गळायचं थांबलं, 2009 ला क्लासिक आली, मग गर्दी झाली. आज भुसावळमध्ये बुलेटची क्लच प्लेट मागितली तर दुकानदार मॉडेल विचारतो आणि मागच्या फळीवरून काढून देतो. हा भरवसा कुठल्याही ड्रोन शूटिंगने येत नाही.

आणि प्रेमावर किती विसंबायचं? त्याच हार्लेने सप्टेंबर 2020 मध्ये भारतातून काढता पाय घेतला. ऑक्टोबरमध्ये हिरोशी करार झाला म्हणून पार्ट आणि सर्व्हिसची सोय राहिली.

सातपुडा_रायडर (चोपडा)

एनफिल्डच्या मागे आयशरसारखी मोठी कंपनी होती आणि देशभर जुने बुलेट मिस्त्री होते. नव्या छोट्या ब्रँडकडे यातलं काय आहे?

तुमचंच हिरोचं उदाहरण पुढे नेतो. छोट्याने मोठ्याच्या जाळ्यावर बसावं. बजाजने 2007 मध्ये केटीएममध्ये हिस्सा घेतला, 2012 ला ड्यूक 200 आणली. 2023 ची ट्रायम्फ स्पीड 400 सुद्धा बजाजच्या चाकणच्या कारखान्यातच बनते. आपल्या कंपनीकडे भांडायचंच असेल तर यासाठी भांडा: धुळ्या-जळगावातल्या दुसऱ्या एखाद्या चालत्या वर्कशॉपात गाडी दुरुस्तीचा एक रॅम्प भाड्याने घ्या. हे जमण्यासारखं आहे. राइडवर बहिष्कार घालून काय साधणार?

मॅन्युअलला मात्र माझा विरोध आहे. गॅरेजमध्ये उघडलेल्या गाडीची वॉरंटी कोण मानणार? मिस्त्रीभाऊ तुम्ही प्रामाणिक आहात, सगळे नसतात.

शहाद्याची_ताई

मी याच ब्रँडची गाडी चालवते. तोरणमाळच्या घाटात फोटो काढायला सगळ्यांना आवडतं. यशवंत तलाव, सीताखाई, धुकं, झकास जाहिरात होते. पण नंदुरबार जिल्ह्यात या कंपनीचा पाना धरणारा एक माणूस नाही. मला चेन-स्प्रॉकेट बदलायलाही सुरत नाहीतर नाशिक गाठावं लागतं. एकट्या बाईने वाटेत बंद पडणारी गाडी घेऊन एवढं लांब जायचं का, हा प्रश्न राइडच्या पोस्टरवर कधी दिसला नाही.

दादा, तुम्हाला शिरपूरचा भाऊ वायर घेऊन भेटला, आनंद आहे. पण ते त्याचं मोठेपण आहे, कंपनीचं नाही. त्याच्या चांगुलपणावर कंपनीने आपलं काम ढकलू नये.

राइड रद्द करा असं मी म्हणत नाही. टी-शर्टची गाडी शहाद्यापर्यंत येतेच आहे ना? त्याच गाडीत दोन फिटर, एक स्कॅनर, ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, वायरी, क्लच प्लेट टाका. आदल्या दिवशी शहाद्यात कॅम्प लावा, दुसऱ्या दिवशी राइड काढा.

वकीलसाहेब_धुळे

कायद्याचं थोडं. नवा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. कंपनी पुण्यात असो वा चेन्नईत, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ऑनलाइनही दाखल होते. मात्र फोनवरची आश्वासनं तिथे टिकत नाहीत. पार्ट कधी येणार हे ईमेलवर विचारा, जॉबकार्डची प्रत मागा, टेम्पोच्या भाड्याची पावती ठेवा.

मॅन्युअलबद्दल: केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. सध्या ती माहिती देण्याची सोय आहे, सक्ती नाही. म्हणून मागणी लेखी आणि एकत्र गेली तर वजन पडेल.

गिरणाकाठचा (जळगाव)

ताईंचा कॅम्प मला शंभर टक्के मान्य. तसं झालं तर मी राइडला येतो आणि चार जणांना घेऊन येतो.

सातपुडा भाऊ, वॉरंटीतल्या गाड्यांपुरतं तुमचं मानलं. ज्यांची वॉरंटी संपली त्यांचं काय? त्यांना काउंटरवर पार्ट नाही, मिस्त्रीला माहिती नाही, आणि सर्व्हिस सेंटर घाटापलीकडे. निदान या गाड्यांसाठी वायरिंग डायग्राम आणि पार्ट खुले करा, ही मागणी कंपनीला पाठवायच्या आपल्या पत्रात राहणारच. भाड्याच्या रॅम्पचा मुद्दा तुमच्या शब्दांत लिहून पाठवा, तोही घालतो.

सातपुडा_रायडर (चोपडा)

रॅम्पचा मुद्दा पाठवतो. डायग्रामवर माझं मत बदललेलं नाही. पत्रात तेवढ्या ओळीखाली माझं नाव नको, बाकी सगळ्याखाली सही करतो. राइडला मी जाणारच आहे, तिथे कंपनीचा माणूस भेटेल. पत्राची प्रत द्या, त्याच्या हातात ठेवतो आणि पोच घेऊन येतो.