पूर्वी म्हणे खेळात धर्म-राजकारण नव्हतं... मग मरीन लाइन्सचे ते जिमखाने काय आहेत?

विरार_फास्ट:
मंडळी, गेल्या आठवड्यापासून डोकं भणभणलंय, इथे क्रिकेटचा इतिहास माहीत असलेले लोक आहेत म्हणून विचारतो. आमच्या डब्यात सकाळी नेहमीचेच चेहरे असतात पण नावं कुणाला माहीत नाहीत, काका, शेठ, मॅडमवाले असंच चालतं. तर परत तो दुबईचा विषय निघाला, सप्टेंबर २०२५ ला एशिया कपमध्ये पाकिस्तानसमोर आपला कॅप्टन सूर्यकुमारने टॉसलाही हात मिळवला नाही आणि मॅच जिंकल्यावर आपली टीम सरळ आत निघून गेली तो. एक जण म्हणाला बरोबरच केलं, पहलगामच्या हल्ल्यानंतर कसले हात मिळवताय. दुसरा म्हणाला मग मॅच तरी कशाला खेळलात, पैसे चालतात आणि हात चालत नाही होय. आवाज चढले, पार अंधेरीपासून दादरपर्यंत.

मग चौथ्या सीटवरचे एक काका म्हणाले, आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं, खेळ म्हणजे खेळ, त्यात धर्म न् राजकारण हे आत्ताचं खूळ. तेवढ्यात चर्नी रोड सुटलं आणि दारात उभा असलेला एक पोरगा, विशीतला असेल, उजवीकडे बोट दाखवून म्हणाला, काका ते बघा हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना, हे काय मग भजन करायला बांधलेत का. सगळा डबा हसला. काका गप्प झाले पण चेहरा पडला त्यांचा, मला जरा वाईटच वाटलं.

प्रश्न असा की त्या काळी खरंच धर्माच्या टीम करून खेळायचे का? आणि तरीही खिलाडूवृत्ती वगैरे होती का, की ते सगळं आजोबा लोकांचं गोड गोड आहे? माझे आजोबा ब्रेबॉर्न स्टेडियमला जायचे एवढं ऐकलंय फक्त.

गुगली_मास्तर:
पोरगा बरोबर आहे आणि काका अर्धे बरोबर आहेत 😄

सुरुवात पारशी विरुद्ध गोरे अशी झाली, १८९२ पासून दरवर्षी मॅच. १९०७ ला हिंदू आले म्हणून तिरंगी, १९१२ ला मुस्लिम आले म्हणून चौरंगी, आणि १९३७ ला 'रेस्ट' म्हणून पाचवी टीम घेतली, म्हणजे ख्रिश्चन, ज्यू, जे कुठे बसत नाहीत ते सगळे, तेव्हा पंचरंगी. रणजी तर १९३४ ला सुरू झाली आणि कितीतरी वर्षं पंचरंगीपुढे तिला पब्लिक विचारत नव्हतं. तुमचे आजोबा ब्रेबॉर्नला गेले असतील तर बहुतेक हेच बघायला.

आता गंमत ऐका. १९३७ ला ब्रेबॉर्न नवं कोरं, पंचरंगीचं पहिलंच वर्ष, आणि हिंदू टीमने अंग काढून घेतलं. का? धर्म नाही, देव नाही, हिंदू जिमखान्याला स्टेडियममध्ये सीटा किती द्यायच्या यावरून भांडण. विरार लोकलवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

गांधीजींनी डिसेंबर १९४० मध्ये वर्ध्याला हिंदू जिमखान्याची माणसं भेटायला गेली तेव्हा सरळ सांगितलं की कॉलेज-कॉलेजच्या, संस्था-संस्थांच्या मॅच मी समजू शकतो, पण हिंदू टीम पारशी टीम मुस्लिम टीम हे मला कधी कळलंच नाही. शिवाय तेव्हा सत्याग्रही जेलमध्ये, तिकडे युद्ध चालू, अशात कसल्या करमणुकी असंही त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे "आत्ता मॅच खेळावी का" हा तुमच्या डब्यातला वाद तेव्हाही झालेला आहे. आणि लोकांनी ऐकलं का, तर नाही. बंद व्हायला १९४६ उजाडलं.

आणि चुरस म्हणाल तर १९४४ च्या फायनलला मुस्लिम टीमने हिंदू टीमला एका विकेटने हरवलं, त्यांचा के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नॉटआउट १३७. फाळणी तीन वर्षांवर आलेली आणि मुंबईत असली मॅच चालू आहे, विचार करा. मला विचाराल तर टीमचं नाव काय यापेक्षा मैदानात कसे वागले हे बघावं.

खडकीचा_पोऱ्या:
मास्तर माहिती झकास पण शेवटचं वाक्य पटलं नाही. मैदानात कसे वागले म्हणता, मग मैदानाबाहेर चहा कुठे दिला ते पण बघा.

बाळू पालवणकर. चर्मकार समाजातले, वडील फौजेत, बाळू स्वतः आमच्या पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात पिच रोल करायचे, नेट बांधायचे, महिना चार रुपये. तिथे साहेबांना तासन् तास बॉलिंग टाकून टाकून हात असा बसला की डावखुरा स्पिन खेळताना साहेबाची भंबेरी उडायची. पण बॅट हातात कुणी दिली नाही, बॅटिंग साहेबांनी करायची. मग पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, आता हा अस्पृश्य, घ्यायचा की नाही यावर खल. शेवटी घेतला. मैदानात बॉल एकच, सगळे हात लावणार, पण टी टाइमला बाळूंचा चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. विकेट चालते, कप चालत नाही.

१९११ ला इंग्लंडला गेले आणि शंभराच्या वर विकेटा काढून आले. तरी हिंदू टीमची कॅप्टनशिप? नाव नको. १९२० ला धाकट्या भावाला, विठ्ठलला, डावलून दुसऱ्याला कॅप्टन केलं तेव्हा विठ्ठल आणि दुसरा भाऊ शिवराम दोघांनी टीममधून नाव काढून घेतलं. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल की खेळात राजकारण आणू नका. १९२३ ला विठ्ठल कॅप्टन झाला आणि त्या वर्षी चौरंगी हिंदूंनीच जिंकली.

म्हणून ज्याला आयता चहा आत मिळतो त्यालाच "खेळ म्हणजे खेळ" म्हणायला परवडतं असं माझं मत आहे, राग आला तर येऊ दे. आणि हो, १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. आता यात कोण बरोबर कोण चूक ते दुसऱ्या धाग्यावर, इथे सुरू केलं तर रात्र पुरणार नाही.

कांदेपोहे:
एवढा इतिहास उगाळायची गरज नाही हो. हात मिळवायचा की नाही हे नियमात कुठेच नाही. विषय संपला.

गुगली_मास्तर:
@कांदेपोहे संपला नाही 😄 क्रिकेटच्या कायद्याच्या सुरुवातीलाच प्रस्तावना आहे, त्यात मॅच संपल्यावर निकाल काहीही लागो, अंपायरचे आणि समोरच्या टीमचे आभार माना असं लिहिलेलं आहे. हात मिळवा असा शब्द नाही आणि नाही मानले तर शिक्षाही नाही, म्हणजे तुम्हाला पळवाट आहे, पण "कुठेच नाही" म्हणू नका.

कांदेपोहे:
आभार मनातल्या मनात मानले असतील.

कृष्णाकाठ:
आमच्या सांगलीचं राहिलंच की! विजय हजारे ख्रिश्चन म्हणून रेस्टकडून खेळायचे. १९४३ ची फायनल, समोर हिंदू, कॅप्टन विजय मर्चंट, त्यांनी स्वतः नाबाद २५० ठोकले. रेस्ट १३३ ला गुंडाळले, फॉलोऑन, म्हणजे लगेच परत बॅटिंग. मग हजारे उतरले ते ३०९ करूनच आले आणि टीमचा एकूण स्कोअर ३८७!! धाकटा भाऊ विवेक एक बाजू लावून उभा राहिला, त्याचे २१, आणि पार्टनरशिप ३०० ची. तरी डावाने हरलेच. माझे आजोबा कट्टर माळकरी, पंढरीची वारी कधी चुकली नाही, पण ही मॅच सांगताना म्हणायचे "आपल्या हजारेने हिंदूंना घाम फोडला". आपला कोण आणि परका कोण हे त्यांच्या डोक्यात सांगलीवरून ठरायचं, धर्मावरून नाही. आता हे चांगलं की तेही एक प्रकारचं जातपात, मला ठरवता आलेलं नाही.

विरार_फास्ट:
सगळ्यांचे आभार, मनातल्या मनात नाही, उघड 🙏

आज ते काका भेटले. बाळू पालवणकरांचं सांगितलं, चहाचं पण. थोडा वेळ बाहेर बघत बसले आणि मग म्हणाले, आमच्या गावच्या टीममध्ये पण एक जण होता, पाणी प्यायला तो विहिरीवर वेगळा जायचा, आम्हाला वाटायचं त्याला आवडतं तिथे. पुढे काही बोलले नाहीत, मरीन लाइन्सला उतरून गेले. दारातला पोरगा आज नव्हता. हात मिळवण्याचा वाद मात्र डब्यात अजून चालूच आहे, आज भाईंदरपासूनच सुरू झाला.